27 मेगाहर्ट्झवर लांबची स्टेशनं : चॅनेल शोधण्याच्या नोंदी

7 सप्टेंबर 2024

सीबीचा (सिटिझन्स बँड, सर्वसामान्यांसाठी 27 मेगाहर्ट्झवरचा रेडिओ) सेट कपाटातून काढला, धूळ पुसली. 40 चॅनेल, आवाज पाठवायचे दोन मोड: एएमवर 4 वॅट, एसएसबीवर 12 वॅट. दुसऱ्या देशातल्या माणसाशी बोलायचंय आणि त्यासाठी कुठल्या चॅनेलवर बसायचं ते शोधायचंय. कुणालाही विचारा, एक आकडा सांगून मोकळा होतो. कुणी म्हणतं 38, कुणी 16, कुणी नुसतं ‘ट्रिपल फाइव्ह’. किती वाजता, कोणत्या मोडवर, कोणत्या दिशेला, हे कुणी सांगत नाही. म्हणून ही वही.

ट्रिपल फाइव्ह म्हणजे 27.555 मेगाहर्ट्झ, यूएसबी (एसएसबीची वरची बाजू; खालची ती एलएसबी). लांबच्या हाका तिथे सगळ्यात जास्त ऐकू येतात हे खरं. पण 40 चॅनेल 27.405 ला संपतात, त्यामुळे बहुतेक देशांत ही जागा सीबीच्या परवानगीबाहेरची आहे. तिथे मी फक्त ऐकणार. बोलणं 40 चॅनेलच्या आतच. तेही प्रत्येक देशात सारखं नाही: अमेरिकेत 250 किलोमीटरच्या पलीकडे बोलायला बंदी होती, ती 2017 च्या नियमदुरुस्तीत गेली. ब्रिटनमध्ये सीबीवर एएम आणि एसएसबीला परवानगी 2014 मध्ये आली. चॅनेल, वॅट, अँटेना, तिन्हींबद्दल आपल्याकडचा नियम आधी वाचा, मग पीटीटी (बोलायचं बटण) दाबा.

आज दोन तास ऐकलं. काहीच नाही. सेट बंद करताना लक्षात आलं की स्क्वेल्च (कमजोर आवाज गप्प करणारी खुंटी) पूर्ण मिटलेला होता. दोन तास मी स्पीकरची शांतता ऐकत होतो.

9 सप्टेंबर

स्क्वेल्च उघडला तर सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर एस-7 वर चिकटलेला. नुसता घर्र आवाज, त्यात मधूनमधून टर्रर्र. या आवाजाखाली सगळं जग गाडलं गेलं असणार.

सेट बॅटरीवर लावला आणि घराचा मेन स्विच पाडला. मीटर एस-2 वर आला. चोर घरातच होता. मग एकेक सर्किट चालू करत गेलो. पहिला मासा एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, दुसरा मोबाइलचा चार्जर (फोन लावलेला नसतानाही), तिसरा राउटरचा अडॅप्टर. दिवा बदलला. चार्जर ऐकताना काढून ठेवायचा. अडॅप्टरच्या वायरला फेराइटचे दोन तुकडे चढवले, तार प्रत्येकातून तीन वेळा फिरवून. एकदाच ओवून काही फरक पडला नव्हता.

आता एस-3. संध्याकाळ गेली, पण सगळ्या प्रकल्पातला सगळ्यात वसूल झालेला वेळ हाच. ॲम्प्लिफायर शोधत बसलेल्यांनी आधी मेन स्विच पाडून बघावा.

14 सप्टेंबर

अँटेना. तारेच्या लांबीचं सूत्र 143 भागिले मेगाहर्ट्झ: 143 भागिले 27.2 म्हणजे 5.26 मीटर, निम्मं करून 2.63 ची एकेक बाजू. प्लॅस्टिक आवरणाची साधी वायर घेऊन डायपोल (मधोमध केबल जोडलेली, दोन सारख्या बाजूंची तार) बांधला. चॅनेल 1 वर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप, 1 सगळ्यात चांगलं) 1.5, चॅनेल 40 वर 2.1. वर जाताना वाढतोय म्हणजे तार लांब आहे. हे सूत्र उघड्या तांब्याच्या तारेचं. आवरण असलं की तीच तार विजेच्या हिशेबाने थोडी लांब भरते.

उत्साहात दोन्हीकडून 15-15 सेंटिमीटर छाटले. आता चॅनेल 1 वर 2.3. मग परत तुकडे जोडले, डाग दिले, टेप गुंडाळली. छाटायच्या आधी टोक मागे दुमडून मोजायचं असतं हे मला माहीत होतं. तरीही कात्री चालवली.

शेवटी दोन्ही बाजू 2.57 वर थांबल्या. चॅनेल 1 पासून 40 पर्यंत 1.5 च्या आत.

15 सप्टेंबर

कोॲक्स (सेटपासून अँटेनापर्यंतची केबल) जुनीच, 22 मीटर, आरजी-58. एका टोकाचं आवरण सोललं तर आतली जाळी काळीभोर, हिरवट पूड पडली. पाणी गेलेलं. सगळी फेकली. नवी घेताना 11 मीटरच घेतली, कारण या जाडीची केबल 27 मेगाहर्ट्झवर 30 मीटरमागे 2 डेसिबलच्या वर खाते. कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबर टेप.

डायपोलच्या मधोमध कोॲक्सचेच सहा वेढे घालून चोक (जाळीच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारं वेटोळं) केला. त्याने एसडब्ल्यूआर जेमतेम हलला, पण घरातला खरखराट एका एस-युनिटने उतरला. म्हणजे केबलची जाळीच अँटेना बनून घरातली घाण वर नेत होती.

22 सप्टेंबर

आजची चूक मोठी आहे.

दोन आठवडे मी घरच्या सेटबरोबर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या वेबएसडीआरवरही ऐकत होतो. हा ब्राउझरवर चालणारा रिसीव्हर, 29 मेगाहर्ट्झपर्यंत सगळं ऐकवतो. त्यावर चॅनेल नसतात, फ्रिक्वेन्सी टाइप करावी लागते. मी वहीच्या पहिल्या पानावर तक्ता केला होता: चॅनेल 1 म्हणजे 26.965, पुढे प्रत्येकाला 10 किलोहर्ट्झ. त्या हिशेबाने 38 म्हणजे 27.335. तिथे रोज ऐकून रोज लिहिलं, ‘38 ओस’.

38 म्हणजे 27.385. मी ऐकत होतो तो चॅनेल 33.

मधे पाच जागा सोडलेल्या आहेत, रिमोटच्या खेळण्यांसारख्या वापरासाठी: 26.995, 27.045, 27.095, 27.145, 27.195. म्हणून चॅनेल 3 नंतर, 7 नंतर, 11, 15 आणि 19 नंतर 20 किलोहर्ट्झची उडी आहे. शिवाय 23 वा चॅनेल रांग मोडून बसलाय: 22 म्हणजे 27.225, 23 एकदम 27.255, आणि 24 व 25 मागे येऊन 27.235 व 27.245. पूर्वी अमेरिकेत 23 च चॅनेल होते. 1977 मध्ये 40 झाले तेव्हा नव्यांनी ही मधली जागा भरली. 26 पासून पुढे मात्र सरळ, दहादहाने.

वेबवरच्या दोन आठवड्यांच्या नोंदींवर काट मारली. तक्ता नव्याने, सेटच्या माहितीपत्रकावरून उतरवून.

28 सप्टेंबर

दुसरा घोळ घड्याळाचा. अर्ध्या नोंदी घरच्या वेळेत, अर्ध्या यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), आणि कुठली कुठली ते लिहिलेलं नाही. आजपासून फक्त यूटीसी. टेबलावर वेगळं घड्याळ ठेवलंय.

तिसरं, डायपोलची दिशा. सोयीचे दोन खांब पूर्व-पश्चिम होते म्हणून तार तशीच ताणली होती. डायपोल टोकांकडे बहिरा असतो, तारेच्या आडव्या अंगाला ऐकतो. मला पूर्व-पश्चिम ऐकायचंय आणि मी नेमके तिकडे कान बंद केलेले. तार उत्तर-दक्षिण फिरवली आणि 3 मीटरवरून 6 मीटरवर चढवली. 27 मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी साडेपाच मीटर. त्याखाली तार असली की शक्ती सरळ वर फेकली जाते, क्षितिजाकडे जात नाही. लांबचं स्टेशन क्षितिजाकडेच असतं.

दुपारी 27.555 वर इटालियन आवाज. पहिलाच. हाकेच्या सुरुवातीला ‘वन’ म्हणाला. 11 मीटरवाले (27 मेगाहर्ट्झची तरंगलांबी तेवढी) देशांना क्रमांकाने ओळखतात: 1 इटली, 2 अमेरिका, 3 ब्राझील, 13 जर्मनी, 14 फ्रान्स, 19 नेदरलँड्स, 26 इंग्लंड, 30 स्पेन, 31 पोर्तुगाल, 43 ऑस्ट्रेलिया. आकडा पकडला की देश कळला, बाकी नाव-खूण फेडिंगमध्ये (सिग्नलच्या चढउतारात) गेली तरी चालतं.

3 ऑक्टोबर

12:10 यूटीसी. 27.555 वर तीन-चार जणांची गर्दी, एक तर एस-8 ने वाजत होता. पाच-सात मिनिटांत सगळे हळूहळू बुडाले, जसा कुणी आवाजाचा कान पिळावा. 12:20 ला फक्त पोकळ फुसफुस. घरातला खरखराटसुद्धा कमी वाटला.

मला वाटलं केबल निसटली. शिडी लावून वर गेलो, टेप कापली, कनेक्टर उघडला, पुसला, परत आवळला. एसडब्ल्यूआर जसाच्या तसा. दुसऱ्या सेटवरही तीच फुसफुस. खाली येऊन पॉवर सप्लाय तपासला, फ्यूज काढून बघितला. एवढ्यात तासभर गेला आणि स्टेशनं आपोआप परत आली.

रात्री कळलं. सूर्यावर एक्स 9.0 चा (एक्स हा सगळ्यात मोठा वर्ग) स्फोट झाला होता, पृथ्वीवरच्या मोजणीत तो 12:18 यूटीसीला शिगेला पोचला. त्यातले क्ष-किरण आठ मिनिटांत पोचतात आणि उजेडातल्या बाजूच्या आकाशात आयनांबराचा (लाटा परत खाली वळवणाऱ्या थरांचा) खालचा डी थर एवढा दाट होतो की शॉर्टवेव्ह गिळून टाकतो. शोषण कमी फ्रिक्वेन्सीला जास्त, म्हणून 27 खालच्या बँडांच्या आधी शुद्धीवर येते.

उगाच कापलेली टेप नव्याने गुंडाळली. नवा नियम: सगळं एकदम गेलं तर शिडी नंतर, आधी सौर हवामानाचं पान.

6 ऑक्टोबर

बँड उघडलाय की नाही हे कळायला कुणीतरी बोलायलाच हवं, ही अडचण होती. उपाय: 28.200 मेगाहर्ट्झवरचे बीकन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप खूण पाठवणारी स्टेशनं. जगभर अठरा ठिकाणी आहेत. प्रत्येकाला दहा सेकंद, तीन मिनिटांत फेरी पूर्ण. आधी मोर्समध्ये स्वतःचं नाव, मग चार लांब डॅश: 100 वॅट, 10, 1 आणि 0.1. किती डॅश ऐकू आले त्यावरून वाट किती पक्की ते कळतं. दोन आले तर माझे 12 वॅट तिकडे पोचायला हरकत नाही. यासाठी एसएसबी असलेला साधा शॉर्टवेव्ह रिसीव्हर पुरतो.

मला मोर्स येत नाही, पण वेळापत्रक ठरलेलं असल्याने सेकंदावरून देश ओळखता येतो. तसा ओळखला: केनिया, तीन डॅश. खूश झालो. मग घड्याळ पडताळलं तर ते अकरा सेकंद पुढे. केनियाच्या आधीचा नंबर दक्षिण आफ्रिकेचा. आजच्या नोंदीत केनियाच्या जागी दक्षिण आफ्रिका वाचावी. काही बीकन मधूनमधून बंद असतात, त्यामुळे एखादा न आल्याने निराश होऊ नये.

आणखी एक. मला सगळ्यात जवळचा बीकन अजून एकदाही आलेला नाही, त्याच्या चौपट लांबचा रोज येतो. हाच स्किप झोन. लाट वर जाऊन जिथे उतरते त्याच्या अलीकडे सगळं कोरडं. जवळचे लोक ऐकू येत नाहीत म्हणून बँड बंद आहे असं पहिल्या महिन्यात मी कितीदा लिहिलंय.

11 ऑक्टोबर

बीकन शून्य. 27.555 शून्य. आधी पान बघितलं, शिडीला हात लावला नाही. कालपासून मोठं भूचुंबकीय वादळ चालू आहे, के-निर्देशांक (अशा वादळाचं माप, 0 ते 9) 8 च्या वर.

रोजचा सौर प्रवाह, म्हणजे 10.7 सेंटिमीटरवर मोजलेला एसएफआय, मी पहिल्या दिवसापासून उतरवून घेत होतो. तो मोजतात कॅनडातल्या पेंटिक्टनला. महिनाभराच्या नोंदी शेजारीशेजारी ठेवल्या तर आज 10 ने वाढला, उद्या 15 ने घटला, याने मला ऐकू येण्यात काडीचा फरक पडलेला नाही. के मात्र 5 वर गेला की दिवस वाया. एसएफआय आठवड्यातून एकदा, के रोज.

19 ऑक्टोबर

एएमवर चॅनेल बदलले. जवळपास प्रत्येक चॅनेलवर बारीक शिट्टी, कानात सुई टोचल्यासारखी. दोन दिवस मला सेटचा फिल्टर गेलाय असं वाटत होतं. झाकण उघडलंसुद्धा, पण काही न हलवता बंद केलं, तेवढी अक्कल होती.

कारण वेगळंच. पोलंडमध्ये सगळे चॅनेल 5 किलोहर्ट्झ खाली धरतात, शेवटचा आकडा पाचाऐवजी शून्य. त्यांचा 19 म्हणजे 27.180, आपला 27.185. रशियात दोन्ही पद्धती चालतात. शेजारी 5 किलोहर्ट्झवर दुसरी कॅरिअर (आवाज वाहून नेणारी मूळ लाट) आली की तेवढ्याच उंचीची शिट्टी वाजते. म्हणजे शिट्टी हीच बातमी: पूर्व युरोपकडची वाट उघडली. आता बँड तपासायला मी एएमवर 19 लावून शिट्टीच शोधतो.

एएमवर लांब बोलायच्या भानगडीत मात्र पडणार नाही. एएममध्ये निम्म्याहून जास्त शक्ती कॅरिअरलाच जाते, आणि दहा जण एका चॅनेलवर असले की शिट्ट्यांचीच मैफल. अमेरिकेतला चॅनेल 6 तर बेकायदा प्रचंड शक्तीच्या स्टेशनांचा आखाडा म्हणून ओळखला जातो. त्यात आपला आवाज म्हणजे नगाऱ्यापुढे टिमकी.

27 ऑक्टोबर

काल-आज हॅम (परवानाधारक हौशी रेडिओवाले) मंडळींची मोठी जागतिक स्पर्धा. 28 मेगाहर्ट्झवर पाय ठेवायला जागा नाही, दर तीन किलोहर्ट्झला एक आवाज. त्याच वेळी 27 वर 16 रिकामा, 35 रिकामा, 38 वर एकच जण. आकाश तेच, वाट तीच. माणसं कुठे बसलीत एवढाच फरक.

दोन वेगळे प्रश्न मी एकत्र करत होतो. बँड उघडा आहे का, ते बीकन सांगतो. चॅनेलवर कुणी आहे का, ते फक्त वही सांगते.

2 नोव्हेंबर

वही उलटी वाचून काढली. ऐकू आलेल्यांपैकी एसएसबीवरचे बहुतेक शनिवार-रविवारचे. सकाळी कान पूर्वेकडे, दुपारनंतर पश्चिमेकडे. सूर्य वाटेच्या मध्यावर असला की ती वाट चालते. अंधार पडल्यावर तास-दीड तासात सगळं मिटतं. रात्री जागून काढलेले चार दिवस पूर्ण फुकट. उन्हाळ्यातल्या स्पोरॅडिक-ईचा (आयनांबराच्या ई थरात अधूनमधून होणाऱ्या दाट ढगांमुळे उघडणाऱ्या वाटेचा) हिशेब वेगळा. ती हजार-दोन हजार किलोमीटरवर अचानक उघडते आणि तिला सौर प्रवाहाशी फारसं देणंघेणं नसतं. ती या वहीत नाही, मे-जूनमध्ये बघू.

मला उपयोगी पडलेले चॅनेल असे. 27.555 यूएसबी फक्त ऐकायला. 38 एलएसबी, अमेरिका खंडातली हाकेची जागा असल्याने बाकीचेही तिथे डोकावतात. 16 एलएसबी, ऑस्ट्रेलियात एसएसबीची हाक यावर. 35 एलएसबी, इथेही मला ऑस्ट्रेलियाच जास्त आला. 9 ला हात लावायचा नाही, अनेक देशांत तो आणीबाणीसाठी आहे. 19 ट्रकवाल्यांचा.

एलएसबीच्या स्टेशनाला यूएसबीवर ऐकलं तर बदक बोलल्यासारखं येतं आणि क्लॅरिफायर (फ्रिक्वेन्सी किंचित सरकवणारी खुंटी) कितीही फिरवा, माणूस होत नाही. हे मी 38 वर चार दिवस केलं.

9 नोव्हेंबर

झालं.

05:20 यूटीसी, 35 एलएसबी. आधी नुसता गळ्यातून आल्यासारखा आवाज. क्लॅरिफायर केसभर डावीकडे, आवाज घोगरा झाला. केसभर उजवीकडे, आणि एकदम समोर बसल्यासारखा: ‘फोर्टी-थ्री...’ पुढचं बुडालं. पेन्सिलीने 43 लिहिलं, पुढे दोन रेघा मोकळ्या. परत वर आला, ‘...स्टँडिंग बाय.’ मी माझी खूण दोनदा, सावकाश, फोनेटिकमध्ये सांगितली आणि पीटीटी सोडली. तीन-चार सेकंद काही नाही. मग त्याने माझी खूण म्हटली. मधलं अक्षर चुकवून, पण माझीच.

अक्षर दुरुस्त केलं, रिपोर्ट दिला, 5-5 (आधी आवाज किती स्पष्ट, मग सिग्नल किती जोरदार). त्याने 4-3 दिला. एवढंच बोलणं, दीड मिनिट. वहीत दोन मोकळ्या रेघांवर त्याच्या खुणेची उरलेली अक्षरं भरली.

12 वॅट, 11 मीटर केबल, टेप लावलेली तार.

16 नोव्हेंबर

आज माझ्या हाताने घालवलं. 38 एलएसबीवर कुणीतरी हाक मारली, खणखणीत एस-7. मी उत्तर देताना सेट कोणता, अँटेना किती उंच, हवा कशी, सगळं सांगत सुटलो. पीटीटी सोडली तोवर तो एस-2 वर उतरलेला. ‘अगेन, अगेन’ एवढं ऐकू आलं. देशाचा आकडासुद्धा हाती लागला नाही. आधी खूण आणि रिपोर्ट, तीन वाक्यांत. गप्पा सिग्नल टिकला तर, आणि त्याही हाकेचा चॅनेल सोडून शेजारी सरकून.

नंतर स्वतःचा आवाज दुसऱ्या रिसीव्हरवर रेकॉर्ड करून ऐकला. माइक ओठांना टेकवून ओरडतोय, सगळी अक्षरं फाटलेली. चार बोटं लांब धरून साध्या आवाजात बोललो तर ‘पापा’ आणि ‘टँगो’ वेगळे कळतात. मागच्या शनिवारी मधलं अक्षर का चुकलं ते आज समजलं.

24 नोव्हेंबर

05:00 ते 06:30 यूटीसी. के 2. बीकन दोन, त्यातल्या एकाचे तीन डॅश. 16 रिकामा. 35 वर दोन ऑस्ट्रेलियन आपापसात बोलत होते, मधे शिरलो नाही. 05:50 ला 16 वर तीनदा हाक दिली, उत्तर नाही. 06:15 ला परत दिली, नाही. 09:00 नंतर पश्चिमेकडे: एएम 19 वर शिट्टी आहे, 27.555 वर दोन इटालियन आणि एक स्पॅनिश, 38 वर कुणी नाही.

डायपोलची एक दोरी झिजलीय, पुढच्या रविवारी बदलायची.